मूत्राशय-उच्छेदन शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा : स्वरूप, कारणमीमांसा आणि सामाजिक संदर्भ

सारांश :

मूत्राशयाच्या भित्तिकेतील स्नायूंपर्यंत पोहोचलेल्या कर्करोगात संपूर्ण मूत्राशय काढून टाकणे हा जगभर मान्य झालेला प्रमुख उपचार आहे. या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा जो पाठपुरावा केला जातो, त्याकडे सर्वसाधारणपणे 'रोग परत आला की नाही हे पाहणे' एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. प्रत्यक्षात या पाठपुराव्याला दोन स्वतंत्र अंगे आहेत. पहिले अंग रोगाचे, त्याची गरज काळानुसार कमी होत जाते. दुसरे अंग मूत्रवहनासाठी वापरलेल्या आतड्याचे आणि मूत्रपिंडांचे, त्याची गरज काळानुसार वाढत जाते. पाच वर्षे पूर्ण होताच पाठपुरावा थांबविणे ही म्हणूनच गंभीर चूक ठरते. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचे शास्त्रीय कारण, दैनंदिन काळजी आणि महाराष्ट्रातील रुग्णांच्या संदर्भातील काही प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : मूत्राशयाचा कर्करोग, मूत्राशय-उच्छेदन, स्टोमा, नवमूत्राशय, मूत्रपिंड, बी-१२ जीवनसत्त्व, पाठपुरावा.

१. प्रस्तावना :

कर्करोगाविषयी समाजात जी चर्चा होते, ती बहुधा निदान आणि उपचार या दोन टप्प्यांपाशी थांबते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके काढले, रुग्ण घरी आला की कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. हे स्वाभाविकही आहे. परंतु काही शस्त्रक्रिया अशा असतात की त्या रोग काढून टाकताना शरीराची मूळ रचनाच बदलतात, आणि त्या बदललेल्या रचनेसह रुग्णाला पुढील सर्व आयुष्य काढावयाचे असते. मूत्राशय-उच्छेदन ही त्यांपैकी एक प्रमुख शस्त्रक्रिया होय.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २ लाख २० हजार मृत्यू झाले. स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांत हा रोग तीन ते चार पटींनी अधिक आढळतो. विडी-सिगारेटचे धूम्रपान हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. धुरातील सुगंधी अमाइन वर्गातील रसायने रक्तात शोषली जातात, मूत्रपिंडांतून गाळली जातात आणि मूत्राशयात तासन् तास साठून राहतात. रंग व रबर उद्योगांतील काही रसायनेही याच मार्गाने रोगास कारणीभूत ठरतात.

निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत रोग मूत्राशयाच्या आतील थरांपुरता मर्यादित असतो व तो दुर्बिणीद्वारे खरवडून काढता येतो. उरलेल्या रुग्णांत तो स्नायूंपर्यंत पोहोचलेला असतो. अशा वेळी, तसेच वरच्या थरातील परंतु अतिशय आक्रमक अशा काही प्रकारांत, मूत्राशय काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) मूत्राशय-उच्छेदनानंतर शरीररचनेत होणारा बदल समजून घेणे. (२) पाठपुराव्याच्या दोन अंगांची कारणमीमांसा करणे. (३) रुग्ण व कुटुंबीयांना उपयुक्त अशी दैनंदिन काळजीची माहिती मांडणे. (४) आपल्या समाजातील संबंधित अडचणींकडे लक्ष वेधणे.

लेख दुय्यम साधनांवर आधारित असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. येथील माहिती सामान्य स्वरूपाची आहे. रोगाची अवस्था व रुग्णाची प्रकृती यांनुसार तपासण्यांचे वेळापत्रक बदलते, म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला हाच अंतिम मानावा.

३. शस्त्रक्रियेचे स्वरूप व मूत्राचा पर्यायी मार्ग :

पुरुषांमध्ये मूत्राशयासोबत प्रोस्टेट ग्रंथी व वीर्यकोश काढले जातात. स्त्रियांमध्ये पुष्कळदा गर्भाशय, बीजांडकोश आणि योनीच्या पुढील भिंतीचा काही भाग काढावा लागतो. दोन्हींत ओटीपोटातील लसिका ग्रंथी काढून तपासल्या जातात. यानंतर खरा प्रश्न उभा राहतो तो हा की, दोन मूत्रपिंडांकडून अखंड वाहत येणारे मूत्र आता कोठे न्यावयाचे?

या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. १८५२ साली लंडनमध्ये जॉन सायमन यांनी जन्मतः मूत्राशय उघडे असलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाकडे वळविण्याचा प्रयत्न केला. पुढे मूत्र व मल एकाच मार्गाने बाहेर टाकण्याची ही पद्धत अनेक दशके वापरली गेली. तिच्यात मूत्रपिंडांना वारंवार जंतुसंसर्ग होई. शिवाय बऱ्याच वर्षांनी मूत्रवाहिनीच्या जोडापाशी मोठ्या आतड्याचा कर्करोग उद्भवण्याचा धोकाही लक्षात आला. ज्यांची अशी जुनी शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांना आजही मोठ्या आतड्याची दुर्बिणीने नियमित तपासणी करून घ्यावी लागते.

१९५० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील शल्यचिकित्सक यूजीन ब्रिकर यांनी वेगळा मार्ग प्रचलित केला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील सुमारे १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडावयाच्या आणि दुसरे टोक पोटाच्या त्वचेवर उघडावयाचे, अशी ही रचना आहे. या उघड्या तोंडास स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटविली जाते व मूत्र तिच्यात सतत जमा होते. आजही ही पद्धत जगात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

दुसरा प्रमुख पर्याय म्हणजे नवमूत्राशय. आतड्याचा सुमारे अर्धा मीटर वा त्याहून थोडा अधिक लांबीचा भाग उभा चिरून, त्याची गोलाकार थैली शिवून ती मूळच्या मूत्रमार्गाला जोडतात. स्वित्झर्लंडमधील बर्नचे उर्स स्टूडर आणि जर्मनीतील उल्मचे रिचर्ड हाउटमान यांच्या १९८० च्या दशकातील कार्यामुळे ही पद्धत रूढ झाली. यात बाहेर पिशवी नसते. मात्र रुग्णाला मूत्रविसर्जन नव्याने शिकावे लागते. तिसऱ्या प्रकारात पोटाच्या आत साठवणीची थैली करून ती ठराविक वेळाने नळीद्वारे रिकामी केली जाते. स्वीडनचे निल्स कॉक यांनी अशा थैलीचे वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध केले.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. मूत्राचा संबंध आता मूत्राशयाशी नसून आतड्याशी आला आहे. पाठपुराव्याचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

४. पाठपुराव्याची दोन अंगे :

पाठपुराव्याची दोन अंगे काळाच्या ओघात परस्परविरुद्ध दिशांनी कशी जातात, हे दोन प्रसिद्ध अभ्यासांच्या आकडेवारीवरून स्पष्ट होते.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शस्त्रक्रिया झालेल्या १,०५४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोग परत न येण्याचे प्रमाण पाच वर्षांनी ६८ टक्के, तर दहा वर्षांनी ६६ टक्के आढळले. म्हणजे ज्यांच्यात रोग परत यावयाचा होता, त्यांपैकी बहुतेकांत तो पहिल्या पाच वर्षांतच, आणि त्यातही मुख्यत्वे पहिल्या दोन-तीन वर्षांत आला. पुढील पाच वर्षांत अवघ्या दोन टक्क्यांचा फरक पडला.

याउलट बर्न येथील अभ्यास पाहावा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ब्रिकर पद्धतीची शस्त्रक्रिया होऊन किमान पाच वर्षे जगलेल्या १३१ रुग्णांची पाहणी केली होती. त्यांपैकी ६६ टक्के रुग्णांत नव्या मूत्रमार्गाशी निगडित असा कोणता ना कोणता उपद्रव उद्भवला. पहिल्या पाच वर्षांत हे प्रमाण ४५ टक्के होते. पंधरा वर्षांहून अधिक जगलेल्यांत ते ९४ टक्क्यांवर गेले, आणि या गटातील निम्म्या रुग्णांच्या मूत्रपिंडांत वा मूत्रवाहिन्यांत बदल आढळले.

तात्पर्य असे की, रोगाचा धोका पाच वर्षांनी ओसरतो, तर रचनेचा धोका त्यानंतरही वाढतच राहतो. रुग्णाला 'तुम्ही आता बरे झालात' असे सांगितले जाते ते पहिल्या अर्थाने खरे असते, दुसऱ्या अर्थाने नव्हे. अनेक रुग्ण नेमक्या याच टप्प्यावर रुग्णालयात जाणे सोडतात.

५. रोगाचा शोध :

रोग मुख्यतः तीन ठिकाणी पुन्हा उद्भवू शकतो. पहिले स्थान म्हणजे ओटीपोटातील शस्त्रक्रियेची जागा व दूरचे अवयव, विशेषतः फुप्फुसे, यकृत, हाडे आणि लसिका ग्रंथी. यासाठी पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी व नंतर पाच वर्षांपर्यंत दरवर्षी छाती, पोट व ओटीपोटाचा सीटी स्कॅन करण्याची प्रथा आहे.

दुसरे स्थान म्हणजे मूत्रवाहिन्या व मूत्रपिंडाचा आतील पोकळ भाग. मूत्राशयाचे अस्तर आणि या भागाचे अस्तर एकाच जातीच्या पेशींचे असते, आणि तंबाखूतील तीच रसायने दोहोंवरून वाहिलेली असतात. म्हणूनच मूत्राशय काढला तरी उरलेल्या अस्तरात रोग निर्माण होण्याची शक्यता राहते. हे प्रमाण अल्प असले तरी असा रोग इतर ठिकाणच्या पुनरुद्भवापेक्षा उशिरा, बहुधा तिसऱ्या वर्षाच्या पुढेमागे किंवा त्यानंतर प्रकट होतो.

तिसरे स्थान म्हणजे मूळचा मूत्रमार्ग. पुरुष रुग्णात पिशवी बसविल्यानंतर हा मार्ग वापरात नसतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. या वापरात नसलेल्या मार्गातून रक्त वा रक्तमिश्रित स्राव आल्यास तो क्षुल्लक न मानता तत्काळ तज्ज्ञांना कळवावे. मूत्राच्या पेशीपरीक्षेचा उपयोग दुसऱ्या व तिसऱ्या स्थानावरील रोगासाठी होतो.

रोग पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरही औषधोपचार दिले जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध या कामासाठी मान्य झाले. ते उपयुक्त असले तरी महागडे आहे. धूम्रपान कायमचे सोडणे हा मात्र प्रत्येक रुग्णास उपलब्ध असलेला आणि कोणताही खर्च नसलेला उपाय आहे.

६. मूत्रपिंडांचे मूक नुकसान :

मूत्रवाहिनी जेथे आतड्याला जोडली जाते, तेथे व्रण भरताना आकुंचन होऊन मार्ग अरुंद होऊ शकतो. हे बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत घडते, परंतु नंतरही घडू शकते. डाव्या बाजूला ते अधिक प्रमाणात आढळते, कारण डावी मूत्रवाहिनी आतड्याच्या पडद्यामागून उजवीकडे ओढून आणावी लागते आणि तिचा रक्तपुरवठा त्यामुळे कमी होऊ शकतो.

या आकुंचनाचे सर्वांत घातक वैशिष्ट्य म्हणजे ते वेदनारहित असू शकते. मूत्र तुंबते, मूत्रपिंडाला सूज येते, ज्याला डॉक्टर हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात, आणि महिनोन् महिने हा दाब राहिल्यास ते मूत्रपिंड निकामी होते. या काळात रुग्ण हिंडत-फिरत असतो, पिशवीही भरत असते, कारण दुसरे मूत्रपिंड काम करीत असते. दुसऱ्या मूत्रपिंडाने भार उचलल्यामुळे रक्तातील क्रिएटिनीनही पुष्कळदा जवळपास सामान्य दिसते. म्हणूनच केवळ रक्ततपासणीवर विसंबणे योग्य नाही. रक्ततपासणीबरोबर मूत्रपिंडांची सोनोग्राफी आवश्यक असते. सोनोग्राफीत किंचित प्रसरण दिसणे या रुग्णांत नेहमीच रोगाचे लक्षण नसते, परंतु पूर्वी नसलेली किंवा वाढत जाणारी सूज पुढील तपासणीची मागणी करते. यासाठी जुने अहवाल जपून ठेवणे व प्रत्येक वेळी सोबत नेणे अत्यावश्यक आहे. तुलनेवाचून एकट्या अहवालाला फारसा अर्थ राहत नाही.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात दहा वर्षांच्या कालावधीत ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या मूत्रपिंडांची कार्यक्षमता लक्षणीय घटल्याचे आढळले. पिशवी असलेले आणि नवमूत्राशय असलेले यांच्यात मोठा फरक नव्हता. वाढते वय, उच्च रक्तदाब व मधुमेह यांचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, तसेच वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने न घेणे, हाही पाठपुराव्याचाच भाग समजला पाहिजे.

७. शोषण हा आतड्याचा धर्म :

निसर्गाने मूत्राशयाचे अस्तर असे घडविले आहे की त्यातून जवळपास काहीही आत झिरपत नाही. आतड्याचे कार्य नेमके उलट आहे. अन्नरसातून शोषून घेणे हा त्याचा धर्म आहे, आणि मूत्राच्या मार्गात शिवले गेल्यावरही ते हा धर्म सोडत नाही. यातून पुढील प्रश्न उद्भवतात.

(अ) आम्लता : शरीराने बाहेर टाकलेले अमोनियम व क्लोराइड हे घटक आतडे पुन्हा शोषून घेते आणि बायकार्बोनेट बाहेर जाते. परिणामी रक्ताची आम्लता वाढते. थकवा, भूक न लागणे, मळमळ, वजन घटणे आणि प्रसंगी जोराचा श्वास ही तिची लक्षणे होत. ही लक्षणे इतकी सर्वसामान्य आहेत की रुग्ण व नातेवाईक त्यांचा संबंध 'अशक्तपणा'शी किंवा 'रोग परत आला' या भीतीशी जोडतात. प्रत्यक्षात साध्या रक्ततपासणीने निदान होते आणि सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी सुधारणा होते. नवमूत्राशयात मूत्र अधिक काळ साठत असल्याने ही शक्यता अधिक असते. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास ती आणखी वाढते.

(आ) हाडे : दीर्घकाळ टिकलेली आम्लता निष्प्रभ करण्यासाठी शरीर हाडांतील क्षार खर्च करते. हाडे ठिसूळ होतात. मूत्रात गेलेले कॅल्शियम मुतखड्यास हातभार लावते. वृद्ध रुग्णांत व रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

(इ) बी-१२ जीवनसत्त्व : या जीवनसत्त्वाचे शोषण लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात होते. शल्यचिकित्सक हा शेवटचा भाग वाचविण्याचा प्रयत्न करतात, तरीही शोषणक्षमता कमी होऊ शकते. यकृतात बी-१२ चा साठा तीन ते पाच वर्षे पुरेल इतका असतो. त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही, आणि नेमका पाठपुरावा थांबण्याच्या सुमारास ती प्रकट होऊ लागते. रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मरण ही तिची लक्षणे आहेत. मज्जातंतूंची हानी फार काळ दुर्लक्षिल्यास पूर्णपणे भरून येत नाही. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे या मुद्द्याला वेगळे महत्त्व आहे. बी-१२ मुख्यतः प्राणिज आहारातून मिळते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भाग, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ ची पातळी कमी आढळली होती. म्हणजे आपल्या अनेक रुग्णांचा साठा शस्त्रक्रियेपूर्वीच अपुरा असण्याची शक्यता आहे. पाश्चात्त्य ग्रंथांतील तीन ते पाच वर्षांचा अवधी त्यांना लागू पडेलच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा व नंतर दरवर्षी ही तपासणी होणे, विशेषतः शाकाहारी रुग्णांत, इष्ट ठरते. उपाय सोपा आहे : गोळ्या किंवा ठराविक काळाने इंजेक्शन.

(ई) औषधे : मूत्रावाटे बाहेर पडणारी काही औषधे, उदाहरणार्थ मेथोट्रेक्झेट व फेनिटॉइन, आतड्यातून पुन्हा शोषली जाऊन त्यांची रक्तातील मात्रा वाढू शकते. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना या शस्त्रक्रियेची माहिती देणे यासाठी आवश्यक आहे.

८. दैनंदिन काळजी :

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने नाजूक असतात. या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागते. शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग व आतड्याची हालचाल मंदावणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने सुमारे चार आठवडे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने दिली जातात. ती घरी आल्यावर मध्येच बंद करू नयेत. सहा ते आठ आठवडे जड वस्तू उचलू नयेत.

पिशवी असलेल्या रुग्णांसाठी : निरोगी स्टोमा लालसर व ओलसर दिसतो. त्यास वेदनेची जाणीव नसते, पुसताना किंचित रक्त येऊ शकते. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत त्याचा आकार कमी होतो, म्हणून पिशवीचे छिद्र वेळोवेळी मोजून कापावे. ते स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. छिद्र मोठे राहिल्यास मूत्र त्वचेला लागून ती सोलवटते. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी. ती बदलण्याचे काम सकाळी, चहा-पाणी घेण्यापूर्वी करावे, कारण त्या वेळी मूत्राचा प्रवाह कमी असतो. रात्री मोठी पिशवी जोडल्यास झोपमोड होत नाही. स्टोमाच्या बाजूने पोट फुगू लागल्यास तो अंतर्गळ असू शकतो.

स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वीच, रुग्णाला बसवून, उभे करून व वाकवून निश्चित करावी लागते. आपल्याकडे साडीच्या निऱ्या, परकराची वा पायजम्याची नाडी, धोतराची गाठ नेमकी जेथे येते ती जागा टाळणे आवश्यक असते. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या व शेतात वाकून काम करणाऱ्या व्यक्तीच्या पोटाला पडणाऱ्या वळ्या खुर्चीवर बसणाऱ्याहून निराळ्या असतात. रुग्णाने हे प्रश्न संकोच न करता आधीच विचारावेत.

नवमूत्राशय असलेल्या रुग्णांसाठी : या थैलीला 'भरल्याची' मूळ संवेदना नसते. म्हणून घड्याळाकडे पाहून, सुरुवातीस दिवसा दर दोन ते तीन तासांनी व रात्री गजर लावून उठून, मूत्रविसर्जन करावे लागते. बसून, ओटीपोटाचे स्नायू सैल सोडून व पोटावर हलका दाब देऊन ती रिकामी होते. काही महिन्यांत तिची क्षमता ४०० ते ५०० मिलिलिटर होते व अंतर चार तासांपर्यंत वाढविता येते. दिवसाचे नियंत्रण बहुतेकांना लाभते, रात्रीचे उशिरा व काहींना अपुरे लाभते. काही रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, थैली पूर्ण रिकामी होत नाही. त्यांना स्वच्छ नळी घालून ती रिकामी करण्याचे तंत्र शिकावे लागते. थैली अति भरू देणे धोक्याचे आहे. ती फुटण्याची घटना विरळ असली तरी प्राणघातक ठरू शकते.

दोन्ही प्रकारांत डॉक्टरांनी मनाई केली नसल्यास दिवसाला दोन ते तीन लिटर द्रवपदार्थ घ्यावेत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, लांबच्या प्रवासात आणि वारीसारख्या पायी यात्रेत याची गरज वाढते. निर्जळी उपवास या रुग्णांनी टाळावेत.

९. मूत्रतपासणीच्या अहवालाचा अर्थ :

आतड्याचे अस्तर सतत श्लेष्म स्रवते. त्यामुळे मूत्रात पांढरे धागे दिसणे हे या रुग्णांत स्वाभाविक आहे. तसेच आतड्याच्या नळीतील मूत्रात जंतू व पूपेशी आढळणे हेही नेहमीचे आहे. नियमित तपासणीच्या अहवालात 'पूपेशी भरपूर' असे वाचून प्रत्येक वेळी प्रतिजैविके दिली गेल्यास औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात, आणि खरा संसर्ग होतो तेव्हा औषध उरत नाही. ताप, थंडी, कुशीतील वेदना अशी लक्षणे असतील तरच उपचार करावा, हा सर्वसाधारण नियम आहे. नमुना पिशवीतून घेऊ नये. तो स्टोमामध्ये निर्जंतुक नळी घालून घ्यावा.

मात्र पुढील लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे : थंडी वाजून ताप; पिशवी काही तास पूर्णपणे कोरडी राहणे किंवा नवमूत्राशयातून मूत्र न येणे; नवमूत्राशय असताना पोटात अचानक तीव्र वेदना; स्टोमा काळपट वा जांभळा पडणे; उलट्यांसह पोट फुगणे व शौच-वारा बंद होणे; पोटरीला सूज किंवा अचानक धाप.

१०. मानसिक व कौटुंबिक बाजू :

मूत्र हा विषय आपल्या समाजात उघडपणे बोलला जात नाही. पिशवी लागल्यानंतर अनेक जण लग्नसमारंभ, देवदर्शन, एसटीचा प्रवास टाळू लागतात. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांमुळे घरातही अंतर निर्माण होऊ शकते. वस्तुतः नीट बसविलेल्या पिशवीतून वास येत नाही व ती कपड्यांखाली दिसत नाही. पुरुषांतील लैंगिक दुर्बलता आणि स्त्रियांतील योनिमार्गातील बदल यांविषयी रुग्ण क्वचितच विचारतात व डॉक्टरही वेळेअभावी बोलत नाहीत. या अडचणींवर उपाय उपलब्ध आहेत. परंतु त्यासाठी प्रश्न उच्चारला गेला पाहिजे. दीर्घकाळ उदासी, झोप न लागणे, जगण्याची इच्छा न उरणे अशा तक्रारींना 'मनाचा कमकुवतपणा' न मानता त्यांवर उपचार केले पाहिजेत.

काळजीचा बहुतांश भार पत्नी, सून वा मुलगी यांच्यावर पडतो. पिशवी बदलणे रुग्णाने स्वतः शिकणे हे त्याच्या आत्मसन्मानासाठी जितके आवश्यक, तितकेच त्या स्त्रीच्या मोकळिकीसाठीही आवश्यक आहे. पिशव्यांचा खर्च मात्र दरमहा व कायमचा असतो. तो वाचविण्यासाठी एकच पिशवी गळेपर्यंत वापरणे म्हणजे त्वचेच्या विकारांना आमंत्रण होय.

११. पाठपुराव्याचे स्थूल वेळापत्रक :

पहिले तीन महिने : जखम, स्टोमा वा नवमूत्राशय, वजन, रक्तातील क्षार, क्रिएटिनीन, मूत्रवाहिन्यांतील तात्पुरत्या नळ्या वेळेवर काढल्या गेल्याची खात्री.

तीन महिने ते दोन वर्षे : दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी स्कॅन, रक्तातील क्षार, बायकार्बोनेट, क्रिएटिनीन, आवश्यकतेनुसार पेशीपरीक्षा.

तिसरे ते पाचवे वर्ष : वर्षातून एकदा वरील तपासण्या व बी-१२.

पाच वर्षांनंतर, आजीवन : वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी, क्रिएटिनीन, क्षार, बायकार्बोनेट, बी-१२, रक्तदाब, गरजेनुसार हाडांची घनता.

या वेळापत्रकाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास एक आश्वासक बाब दिसते. जे महाग आहे व ज्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरी जावे लागते, ते प्रामुख्याने पहिल्या पाच वर्षांपुरते आहे. जे आजीवन करावयाचे आहे, ते तुलनेने स्वस्त असून जिल्ह्याच्या, पुष्कळदा तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. अडथळा येतो तो प्रामुख्याने माहितीच्या अभावाचा.

१२. निष्कर्ष व शिफारशी :

(१) मूत्राशय-उच्छेदनानंतरचा पाठपुरावा पाच वर्षांचा नसून आजीवन आहे. पाच वर्षांनी त्याचे स्वरूप बदलते, तो संपत नाही.

(२) रुग्णालयातून घरी पाठविताना मराठीत लिहिलेले एक कार्ड द्यावे. शस्त्रक्रियेचा प्रकार, आतड्याचा कोणता व किती भाग वापरला, वार्षिक तपासण्यांची यादी आणि धोक्याची लक्षणे त्यावर असावीत. गावातील डॉक्टर व सोनोग्राफी करणारे तज्ज्ञ यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

(३) शाकाहारी रुग्णांत बी-१२ ची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी.

(४) आशा कार्यकर्त्या, तसेच महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक यांना स्टोमाविषयी मूलभूत माहिती दिल्यास गैरसमज कमी होण्यास मदत होईल.

(५) पिशव्यांचा आवर्ती खर्च हा उपचाराचाच भाग मानून आरोग्य योजनांच्या आखणीत त्याचा विचार व्हावा.

कर्करोगाच्या तावडीतून सुटलेल्या माणसाचे मूत्रपिंड केवळ एका सोनोग्राफीअभावी गमावले जाणे, किंवा बी-१२ च्या अल्प खर्चाच्या इंजेक्शनाअभावी त्याचे पाय लुळे पडणे, ही टाळता येणारी हानी आहे. शल्यचिकित्सकाने वाचविलेले आयुष्य पुढे सुस्थितीत राखण्याची जबाबदारी रुग्ण, कुटुंब, स्थानिक डॉक्टर आणि आरोग्यव्यवस्था या सर्वांची आहे, आणि ती वर्षातून एकदा, न चुकता, पार पाडावयाची आहे.